रस्त्याकडेला पार्किंग वाढवले की गल्लीची कोंडी सुटते का?

दादर, गिरगाव किंवा पार्ल्याच्या कोणत्याही सोसायटीच्या सभेत हे विधान हमखास ऐकू येते: महापालिकेने गल्लीच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आखून दिले की गाड्यांचा प्रश्न मिटेल. ही समजूत साध्या मोजमापापुढे टिकत नाही.

एका गाडीला रस्त्याकडेला सुमारे 5 मीटर लांबी लागते, म्हणजे 100 मीटरच्या गल्लीत एका बाजूला फार तर 20 गाड्या मावतात. त्यातूनही इमारतींची फाटके, वळणाचे कोपरे आणि झाडांचे पार वजा केले की हाती येणारी संख्या एका सात मजली इमारतीच्या गाड्यांनाही पुरत नाही. दुसऱ्या बाजूलाही गाड्या लावाव्यात, तर 9 मीटरच्या रस्त्यातले जवळपास 4 मीटर अडून राहतात आणि उरलेल्या पट्ट्यात समोरासमोर आलेल्या मोठ्या गाड्यांना, टेम्पोंना किंवा अग्निशमन दलाच्या बंबाला वाट काढणे अवघड होते. चालणाऱ्यांचे तर विचारूच नका.

शिवाय जागा फुकट असली की ती रिकामी राहत नाही, कारण इमारतीतली जागा असूनही काही जण गाडी बाहेरच लावतात. 'आमच्या इमारतीसमोरचा रस्ता आमचाच' हा दावाही चुकीचा आहे, कारण सार्वजनिक रस्ता 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार महापालिकेच्या ताब्यात असतो आणि तिथे कुंड्या किंवा साखळी लावून जागा राखण्याचा अधिकार सोसायटीला मिळत नाही.