घाट चढून आलेली ओहोटी

कोल्हापूरच्या बाजारात तिसऱ्यांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे, वाटे लागतात, तेव्हा त्यांना पाण्याबाहेर येऊन बरेच तास झालेले असतात. रत्नागिरी-मालवणकडून आंबा घाट किंवा गगनबावडा चढून ओल्या बारदानात आलेला हा जीव तरीही जिवंत असतो, कारण पाण्याविना राहण्याचा सराव त्याला किनाऱ्यावरच असतो. साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी ओहोटी येते आणि शिंपल्यांना उघडं टाकते. घाटावरचा प्रवास म्हणजे त्यांच्या दृष्टीने लांबलेली ओहोटीच.

पाणी उतरलं की शिंपला मिटतो. बिजागरीपाशी असलेला चिवट पट्टा दोन्ही शिंपांना उघडायला बघतो आणि आतला स्नायू त्या ओढून धरतो. हा स्नायू एकदा आवळला की फारशी ऊर्जा न खर्चता तासन् तास तसाच राहतो. आतला प्राणवायू मात्र लवकर संपतो. मग प्राणी साठवलेलं ग्लायकोजेन प्राणवायूशिवाय वापरू लागतो. यातून ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून हृदय मंदावतं आणि एकूण खर्च नेहमीच्या दहाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. या प्रक्रियेत आम्लं साचतात. ती मारायला शिंपेच्या आतल्या बाजूचा चुना थोडासा विरघळतो. पित्तावर आपण कॅल्शियम कार्बोनेटची गोळी चघळतो, तसाच हा उपाय, फक्त इथे गोळी म्हणजे स्वतःचं घर.

या सगळ्या हिशोबाला सुरुंग लावते ती उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की शरीरातला खर्च साधारण दुप्पट होतो, म्हणजे तोच साठा निम्म्या वेळात संपतो. खडकाला चिकटलेल्या काळपट शिंपल्याचं शरीर उन्हात हवेपेक्षा १० अंशांनीही जास्त तापू शकतं. अशा वेळी पेशीतली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी विस्कटू लागतात. ती पुन्हा घडीत बसवायला ‘उष्माघात प्रथिनं’ नावाची खास प्रथिनं तयार होतात. २०१२ मध्ये पॅसिफिक कालवाचा (ऑयस्टरचा) जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशा एका प्रथिनगटाची ८८ जनुकं त्यात सापडली. माणसात ती १७ च्या आसपास आहेत. पण ही दुरुस्तीही ऊर्जा खाते, आणि टंचाई नेमकी ऊर्जेचीच असते.

काही जातींचे शिंपले उन्हात मधूनमधून किंचित उघडतात. त्यांना थोडी हवा मिळते, बाष्पीभवनाने गारवाही मिळतो, पण अंगातलं पाणी जातं. खडकावरच्या बारीक गोगलगायींची युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. पाय आत ओढून दार लावायचं, कवचाची कड चिकट द्रवाच्या धाग्याने खडकाला डकवायची आणि तापलेल्या दगडाशी स्पर्श जवळपास तोडून टाकायचा.

ओहोटी किती वाजता येते, यावर जगणं-मरणं ठरतं. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आणि दिवसाची मोठी ओहोटी एकत्र आली. खडक ५० अंशांवर तापले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे क्रिस्टोफर हार्ली यांच्या अंदाजाने १०० कोटींहून अधिक किनारी जीव दगावले. कोकणाला इथे घड्याळाची साथ आहे. तिथीची पाऊणपट काढली की भरतीची वेळ अंदाजाने मिळते, हा तिथला जुना हिशोब. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास, म्हणून सगळ्यांत खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी ऐन बाराला येते. पण तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, असतो आणि पाणी फार लांब हटत नाही.

तिसऱ्या मात्र खडकावरच्या नव्हेत, वाळूत पुरून राहणाऱ्या. वाळूचा ओलावा त्यांना उन्हापासून वाचवतो आणि तिचा दाब शिंपा मिटलेल्या ठेवायला मदत करतो. सैल पिशवीत तो दाब नसतो, स्नायू थकतो, तोंड उघडतं आणि आतलं पाणी गळतं. दाबून भरलेलं बारदान म्हणूनच बरं.

घरी आणल्यावर त्या पसरट भांड्यात ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवाव्यात. हवाबंद प्लास्टिक नको, बर्फाचं वितळलेलं पाणीही अंगाला लागू देऊ नये. नळाच्या पाण्यात बुडवून ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. गोडं पाणी पेशींत शिरतं आणि त्या मरतात. वाळू काढायची तर लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ घालून उथळ पाण्यात तास-दोन तास पुरे. रात्रभर ठेवल्यास त्याच पाण्यातला प्राणवायू संपतो. शिजवण्याआधी उघड्या तिसरीवर टिचकी मारावी. मिटली तर जिवंत. न मिटणारी आणि फुटकी बाजूला काढावी, कारण मेल्यावर आत जिवाणू झपाट्याने वाढतात आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याला फार वेळ लागत नाही.