ई स्ट्रीट बँडमधील सॅक्सोफोन

अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ई स्ट्रीट बँडमध्ये सॅक्सोफोनला गिटारच्या तोडीचा मान आहे. तो मिळवून दिला क्लॅरेन्स क्लेमन्स (१९४२–२०११) यांनी. धिप्पाड देहयष्टीमुळे त्यांना 'बिग मॅन' म्हणत.

व्हर्जिनियातल्या एका मासेविक्रेत्याचे हे चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना नाताळात त्यांना खेळण्यातली आगगाडी हवी होती. वडिलांनी हाती ऑल्टो सॅक्सोफोन ठेवला. पुढे अमेरिकन सॅक्सोफोनवादक किंग कर्टिस यांचे वादन ऐकून ते टेनरकडे, म्हणजे ऑल्टोहून मोठ्या आणि खालच्या स्वराच्या सॅक्सोफोनकडे वळले. १९७१ मध्ये न्यू जर्सीतील अ‍ॅस्बरी पार्क येथे स्प्रिंगस्टीन भेटले. त्या वादळी रात्री क्लबचे दार वाऱ्याने उडून गेले, अशी आख्यायिका आहे.

१९५० च्या दशकातील ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीतात टेनर सॅक्सोफोनचाच दबदबा होता. नंतर ती जागा गिटारने घेतली. क्लेमन्स यांनी तो जुना घुमारा रॉकमध्ये परत आणला. फुंकताना घशातून गुरगुरल्यामुळे त्यांच्या सुराला खरखरीत धार येई. जॅझवादकांसारखी तानांची आतषबाजी ते करत नसत; मोजकेच सूर घेत आणि दमसासाने लांबवत. एरवी खंजिरी वाजवत, मागून आवाजाची साथ देत ते आपल्या पाळीची वाट पाहत.

'बॉर्न टू रन' (१९७५) या अल्बममधील 'जंगललँड' हे नऊ मिनिटांहून मोठे गाणे म्हणजे या वादनाचा कळस. त्यातील दोनेक मिनिटांच्या एकलवादनाला तब्बल सोळा तास लागले. स्प्रिंगस्टीन एकेक सुरावट सांगत, क्लेमन्स ती पुन्हापुन्हा वाजवत. ऐकताना मात्र ते एका दमात, आतून उमटल्यासारखे वाटते. अल्बमच्या वेष्टनावर दर्शनी बाजूला स्प्रिंगस्टीन कुणाच्या तरी खांद्यावर रेललेले दिसतात. वेष्टन पूर्ण उघडले की तो खांदा सॅक्सोफोन वाजवणाऱ्या क्लेमन्स यांचा असल्याचे कळते. गोऱ्या गायकाने कृष्णवर्णीय वादकाला दिलेले हे स्थान त्या काळच्या रॉकमध्ये विरळाच.

'टनेल ऑफ लव्ह' (१९८७) मध्ये त्यांचा सॅक्सोफोन नाही, फक्त आवाज आहे. १९८९ मध्ये बँड विखुरला, १९९९ मध्ये पुन्हा जमला. १८ जून २०११ रोजी क्लेमन्स यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी पुतणे जेक बँडमध्ये आले. त्या दौऱ्यात 'टेन्थ अ‍ॅव्हेन्यू फ्रीझ-आउट' गाताना बिग मॅन बँडमध्ये आल्याची ओळ आली की वाद्ये थांबत, पडद्यावर क्लेमन्स दिसत, श्रोत्यांचा गजर होई आणि मगच गाणे पुढे सरके.