कागदपत्रांविना राहणारे स्थलांतरित आणि आरोग्यविमा (अमेरिका)

वैध निवासी परवान्याविना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या परदेशी व्यक्तींना सार्वजनिक किंवा अनुदानित आरोग्यविमा मिळावा की नाही, हा केंद्र सरकार, राज्ये आणि न्यायालये यांच्यात अनेक दशके चालत आलेला वादाचा विषय आहे. अशा रहिवाशांची संख्या तेथील अंतर्गत सुरक्षा खात्याने २०२२ साठी सुमारे १ कोटी १० लाख, तर प्यू संशोधन केंद्राने २०२३ साठी सुमारे १ कोटी ४० लाख अंदाजली आहे. सीमा चोरून ओलांडणारेच यात मोडतात, हा समज अपुरा आहे. व्हिसाची मुदत संपूनही मागे राहिलेल्यांचा वाटा बराच मोठा असतो, आणि अंदाजांत तफावत असली तरी त्यांतील भारतीयांची संख्या काही लाखांत धरली जाते. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याची नोकरी सुटली की बहुधा कंपनीचा विमाही सुटतो, आणि ६० दिवसांपर्यंतची सवलत संपल्यावरही तो दुसऱ्या वैध आधाराविना तेथे राहिला तर याच गटात येतो. त्यामुळे पुण्या-मुंबईतील घरांनाही हा प्रश्न अगदी परका नाही.

सध्याची व्यवस्था तीन कायद्यांतून घडली. १९८६ च्या आपत्कालीन उपचार कायद्यानुसार मेडिकेअरचा (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय आरोग्यविमा योजनेचा) पैसा घेणाऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येकाची तपासणी करणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. नागरिकत्व किंवा पैसे देण्याची ऐपत यांचा विचार त्यात करता येत नाही. गरीब रुग्णांच्या बाबतीत अशा उपचारांचा खर्च ‘आपत्कालीन मेडिकेड’मधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या तातडीच्या उपचारांपुरत्या भागातून, रुग्णालयाला मिळू शकतो. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणेने या रहिवाशांना बाकीच्या केंद्रीय लाभांतून वगळले आणि राज्याला स्वतःच्या पैशांतून काही द्यायचे असेल, तर त्यासाठी नवा, स्पष्ट कायदा करण्याची अट घातली. २०१० च्या ओबामाकालीन आरोग्यसेवा कायद्याने आणखी पुढची पायरी गाठली. सरकारी विमा बाजारपेठेत त्यांना अनुदान तर नाहीच, पण पूर्ण हप्ता खिशातून भरून विमा घेण्याचीही मुभा नाही. २००९ मध्ये ओबामा अमेरिकी संसदेपुढे (काँग्रेसपुढे) हेच वगळणे सांगत असताना साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी जो विल्सन यांनी ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडून भाषणात व्यत्यय आणला होता. कायद्यातील तरतूद मात्र ओबामांच्या म्हणण्याप्रमाणेच झाली.

म्हणजे कायदा उपचार पूर्णपणे नाकारत नाही. तो स्वस्त उपचार नाकारतो आणि महागडा देतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या बाबतीत हे सर्वांत उघडपणे दिसते. १९७२ च्या कायद्यापासून अशा जवळजवळ प्रत्येक अमेरिकन रुग्णाला, वय काहीही असो, मेडिकेअरमधून डायलिसिस मिळते. कागदपत्रे नसलेल्या रुग्णाला ते अनेक राज्यांत आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी मिळत नाही. फुप्फुसात पाणी साचून श्वास कोंडू लागेपर्यंत किंवा रक्तातील पोटॅशियम जीवघेण्या पातळीवर जाईपर्यंत त्याला थांबावे लागते, तेव्हा तातडीच्या विभागात त्याला डायलिसिस मिळते, आणि घरी परतल्यावर काही दिवसांनी हेच चक्र पुन्हा सुरू होते. डेन्व्हर आणि ह्यूस्टन येथील अशा रुग्णांची सॅन फ्रान्सिस्कोतील नियमित डायलिसिस मिळणाऱ्या रुग्णांशी तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत केवळ तातडीच्या डायलिसिसवर जगणाऱ्यांतील मृत्यूचा धोका चौदा पटींनी अधिक आढळला, आणि रुग्णालयात काढलेले दिवसही कित्येक पट जास्त होते. त्यानंतर २०१९ मध्ये कोलोरॅडोने अशा मूत्रपिंड-विकाराचा समावेश ‘आपत्कालीन स्थिती’त केला आणि नियमित डायलिसिसची वाट मोकळी झाली. केंद्रीय कायद्याचे एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नाही.

बाळंतपणातही अशीच विसंगती आहे. प्रसूतीचा खर्च आपत्कालीन मानला जातो, गर्भारपणातील तपासण्यांचा मात्र नाही. यावर २००२ पासून निघालेली पळवाट अशी की, बालकांच्या विमा योजनेत राज्ये गर्भालाच लाभार्थी धरू शकतात. स्थलांतराच्या बाबतीत कडक धोरण असलेल्या टेक्ससनेही ती स्वीकारली आहे.

राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून केलेल्या प्रयोगांत कॅलिफोर्नियाचा प्रयोग सर्वांत मोठा. याच राज्यातील मतदारांनी १९९४ मध्ये ‘प्रस्ताव १८७’ मंजूर करून अशा रहिवाशांच्या सार्वजनिक सेवा बंद करण्याचा कौल दिला होता; न्यायालयांनी तो रोखला. पुढे मेडि-कॅल ही राज्याची मेडिकेड योजना २०१६ मध्ये मुलांना, २०२० मध्ये २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना, २०२२ मध्ये पन्नाशीपुढच्यांना आणि जानेवारी २०२४ पासून उरलेल्या प्रौढांना खुली झाली. खर्च अंदाजापेक्षा अब्जावधी डॉलरनी वाढल्यावर २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने पाऊल मागे घेतले. जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी थांबवण्याचे आणि २०२७ पासून काही वयोगटांकडून दरमहा ३० डॉलर घेण्याचे ठरले. इलिनॉयने ४२ ते ६४ वयोगटाची योजना जुलै २०२५ मध्ये बंद केली आणि मिनेसोटाने प्रौढांसाठीची सोय एका वर्षातच गुंडाळली. ऑरेगनची योजना मात्र २०२३ पासून सर्व वयोगटांना लागू आहे.

विरोधकांचे म्हणणे असे की, कायदा मोडून राहणाऱ्याला लाभ देणे हा नियमाने येणाऱ्यांवर अन्याय आहे, त्यामुळे आणखी लोक येतील, आणि अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना असताना सरकारी पैसा आधी नागरिकांकडे वळला पाहिजे. यांतील आकर्षणाचा मुद्दा दुबळा आहे, कारण माणसे मुख्यतः कामाच्या आणि नातेवाइकांच्या ओढीने येतात. पैशांचा मुद्दा मात्र कॅलिफोर्नियाच्या अनुभवानंतर सहज बाजूला सारता येत नाही. समर्थक करांकडे बोट दाखवतात. करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या अंदाजानुसार या रहिवाशांनी २०२२ मध्ये सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला, आणि त्यातून ज्या मेडिकेअरला पैसा जातो तिचा लाभ त्यांना मिळत नाही. शिवाय ते सरासरीने तरुण असल्याने विम्याच्या सामाईक निधीत आले तर त्यावरचा भार हलका करतील, असाही समर्थकांचा दावा आहे. आपत्कालीन मेडिकेडचा वाटा एकूण मेडिकेड खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, ही बाब दोन्ही बाजूंच्या भाषणांत क्वचितच येते.

इतरत्र याच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. फ्रान्समध्ये २००० पासून, किमान तीन महिने राहिलेल्या गरीब स्थलांतरितांसाठी स्वतंत्र सरकारी वैद्यकीय साहाय्य आहे. स्पेनने २०१२ मध्ये काटकसरीच्या काळात हा हक्क काढून घेतला आणि २०१८ मध्ये परत दिला. जर्मनीत उपचारांचा हक्क कागदावर आहे, पण खर्चासाठी समाजकल्याण कार्यालयाकडे गेल्यास त्या कार्यालयाने परदेशी नागरिक विभागाला कळवणे बंधनकारक असल्याने नियोजित उपचारांसाठी तो सहसा वापरला जात नाही.

सरकारी योजनेकडे गेलो तर अडचणीत येऊ, ही भीती अमेरिकेतही पात्रतेइतकीच निर्णायक ठरते. सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारता येईल, अशी ‘सार्वजनिक भार’ नियमाची व्याप्ती २०१९ मध्ये वाढवली गेली, तेव्हा ज्यांना तो लागूच नव्हता अशा कुटुंबांनीही नागरिक असलेल्या मुलांची नावे योजनांतून काढली. २०२१ मध्ये तो विस्तार रद्द झाला. फ्लोरिडाने २०२३ मध्ये आणि टेक्ससने २०२४ मध्ये रुग्णालयांना रुग्णाचा स्थलांतर-दर्जा विचारण्यास सांगितले. उत्तर देणे मात्र रुग्णावर बंधनकारक नाही. २०२५ मध्ये मेडिकेड लाभार्थ्यांची माहिती केंद्रीय आरोग्य यंत्रणेने अंतर्गत सुरक्षा खात्याला पुरवली, त्याविरुद्ध अनेक राज्ये न्यायालयात गेली, आणि ज्या राज्यांनी या रहिवाशांची नावे आपणहून नोंदवून घेतली होती, त्यांच्याच याद्या त्यामुळे वादाच्या केंद्रस्थानी आल्या.