अद्भुत सवंगड्याचा बालचित्रपट

लहान मूल आणि कुणी अलौकिक जीव यांच्या मैत्रीची गोष्ट सांगणारा, आईवडिलांनी मुलांना शेजारी बसवून पाहावा असा चित्रपटप्रकार. हा जीव कधी भूत असतो, कधी राक्षस, नाग किंवा जलपरी, तर कधी परग्रहावरून वाट चुकून आलेला पाहुणा. गोष्टीची चौकट बहुतेक ठिकाणी एकच असते. मूल एकटे असते, जीव अडचणीत असतो. मूल त्याला खाऊ देते, लपवते. मोठ्यांना सुगावा लागतो आणि अखेरीस त्या जीवाला त्याच्या जागी परत पाठवावे लागते. जाहिरात त्या जीवाच्या रूपावर चालते, पण चित्रपट तरतो किंवा बुडतो तो शेवटच्या दहा मिनिटांत, निरोपाच्या वेळी. ज्या चित्रपटात निरोप कच्चा राहतो, त्यातले राक्षस आणि पऱ्या कितीही देखण्या असल्या तरी घरी जाताना मुलांच्या तोंडी त्यांचे नाव नसते.

मुंबईतल्या मराठी मुलाला हा निरोप चित्रपटगृहात जाण्याआधीच ठाऊक असतो. गणपती दैवत आहे, गोष्टीतला प्राणी नव्हे. पण चार वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर हत्तीचे तोंड असलेला, मोदक आवडणारा, उंदरावर बसणारा कुणी घरात येतो, दीड दिवस किंवा पाच दिवस राहतो आणि निघून जातो. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची जराशी हलवतात, हातावर दही ठेवतात, सोबत शिदोरी बांधून देतात. गिरगाव किंवा दादर चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या बाबांकडे पाहून काठावरच्या मुलाला हुंदका फुटतो, हे दृश्य दर भाद्रपदात दिसते. परत येताना त्याच पाटावर मूठभर वाळू घरी आणतात. तो रिकामा पाट आणि ती ओली वाळू पाहिलेल्या मुलाला पडद्यावरचा निरोप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘माय फ्रेंड गणेशा’ (२००७) या हिंदी चित्रपटाने एकट्या मुलाला ॲनिमेशनमधला गणपती मित्र म्हणून दिला, तो याच ओळखीच्या बळावर.

लोकपरंपरेतले सवंगडी : मराठी लोककथांत अशा जीवांची वाण नाही. गिरणगावातल्या चाळींमध्ये कोकणातून आलेल्या आज्यांनी त्यांच्या गोष्टी सोबत आणल्या. त्यांतला देवचार हा या चित्रपटप्रकाराला सर्वांत जवळचा. तो गावाच्या हद्दीचा राखणदार. अंगावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, पायांत जाड वहाणा असा तो रात्री फेरी मारतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवतो. रात्रभर चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याच्या स्थानी नव्या वहाणा ठेवण्याची रीत आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असा दुसरा समज. मुंजा खोडकर असतो, घाबरवतो, पण तो स्वतः मूलच असतो. त्याला खेळायला कुणी नाही, ही गोष्ट भयकथा लिहिणारे बहुधा बाजूला ठेवतात. ‘मुंज्या’ (२०२४) या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित हिंदी चित्रपटाने त्याला मोठ्या पडद्यावर आणले, पण भीती आणि विनोदासाठी.

खुद्द मुंबईच्या हद्दीत आजही पुजला जाणारा असा एक जीव म्हणजे वाघोबा. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील पाड्यांमध्ये राहणारे वारली वाघोबाला मानतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. वाघ आणि बिबट्या या दोघांनाही त्यांच्या बोलण्यात ‘वाघ’च म्हणतात. हे नाते मैत्रीचे म्हणण्यापेक्षा शेजाराचे आहे. एकमेकांचा मान राखायचा, आपल्या वाटेने जायचे, एवढाच त्यातला करार. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी याच जंगलाला लागून आहे. तिथे आजवर कितीतरी काल्पनिक राक्षस उभे राहिले, पण कुंपणापलीकडच्या वाघोबाकडे बालचित्रपटांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत लेखकाला ही मोठी उणीव वाटते.

पडद्यावरचा आरंभ : भारतीय पडद्यावर मूल आणि अलौकिक जीव समोरासमोर आले ते दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या मूकपटात. बाळकृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले. ती तेव्हा सुमारे सात वर्षांची होती. चित्रपटाच्या सुरुवातीला कृष्ण दिसतच नाही. दिसतो तो एका मुलीचा चेहरा. ती हसते, रुसते, चकित होते, आणि मग त्याच चेहऱ्याच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण येतो. हे जे चालले आहे ते एका मुलीने केलेले सोंग आहे, असे आधीच सांगून टाकण्याचा हा धीटपणा आजही थक्क करतो. एवढे सांगितल्यावरही पाण्याखालच्या नागाशी तिची झुंज सुरू झाली की प्रेक्षक श्वास रोखतो. कालिया आणि कृष्ण मित्र नव्हेत. मात्र भागवतातल्या कथेत कृष्ण त्याला मारत नाही. यमुना सोडून समुद्राकडे जायला सांगतो आणि फण्यावर उमटलेल्या पावलांमुळे गरुडापासून त्याला अभय मिळते. झुंज संपते तीही निरोपाने.

असे चमत्कार घडवण्याची तयारी फाळक्यांनी त्याआधीच मुंबईत केली होती. १९१२ मध्ये कुंडीतल्या बीजाला फुटणारा कोंब त्यांनी एकेक चौकट टिपत चित्रित केला आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म बनवली. रोप डोळ्यांदेखत वाढताना पाहून त्यांना भांडवल देणारा मिळाला. पुढच्या साऱ्या अद्भुतपटांचे मूळ त्या कुंडीत शोधता येईल.

बोलपटांच्या काळात ही विद्या बाबुभाई मिस्त्री यांच्या हाती आली. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या चित्रपटात अदृश्य माणूस वस्तू हलवतो असे दाखवायचे होते. मिस्त्रींनी काळ्या पार्श्वभूमीवर काळे दोरे बांधून त्या हलवल्या आणि चित्रपटसृष्टीत त्यांचे नावच ‘काला धागा’ पडले. होमी वाडिया यांच्या बसंत पिक्चर्सने ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२) आणि ‘हातिमताई’ (१९५६) यांसारखे जादूपट काढले. त्यांत जिन्न आणि पऱ्या भरपूर होत्या, पण गोष्ट मोठ्यांच्या शौर्याची आणि प्रेमाची असे. मूल प्रेक्षकांत बसलेले होते, पडद्यावर नव्हते.

मुलाला गोष्टीच्या मध्यभागी आणले ते मुंबईच्या मराठी रंगभूमीने. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने बालरंगभूमी सुरू केली. पहिले नाटक रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’. पुढे मतकरींनी आपल्या ‘बालनाट्य’ संस्थेतून राक्षस आणि चेटकिणी मुलांच्या हवाली केल्या. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ हे नावच मुलाची भीती अर्ध्यावर आणते. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली. नाट्यगृहातली मुले चेटकिणीला ओरडून उत्तरे देतात, पुढे काय होणार ते नायकाला आधीच सांगून टाकतात. पडद्यावरच्या जीवाशी असे बोलता येत नाही. त्या संवादाची भूक मराठी मुलाला बालनाट्याने लावली आणि चित्रपटाने ती अजून पुरती भागवलेली नाही. ‘श्वास’ (२००४) पासून मराठी चित्रपटाने मुलांचे वास्तव फार ताकदीने मांडले. अद्भुताच्या वाटेला मात्र तो कमीच गेला.

सरकारी पातळीवर १९५५ मध्ये बालचित्र समितीची स्थापना झाली. तिचे मुख्यालय मुंबईत पेडर रोडवर होते. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. समितीच्या चित्रपटांत शिकवणीचा भाग जास्त असे. तरी दोन नावे इथे घ्यावीच लागतात. संतोष सिवन यांच्या ‘हेलो’ (१९९६) मध्ये आई नसलेली एक मुंबईकर मुलगी चमत्काराची वाट पाहत असते आणि तिला रस्त्यावरचे कुत्र्याचे पिल्लू सापडते. पिल्लू साधेच आहे, पण ते देवाने पाठवले आहे अशी तिची खात्री असते. ते हरवल्यावर सगळी मुंबई तिच्यासाठी परीकथेतले जंगल होते. शिल्पा रानडे दिग्दर्शित ‘गोपी गवैया बाघा बजैया’ (२०१३) या ॲनिमेशनपटात भुतांचा राजा दोन भोळ्या मित्रांना वर देतो.

लपवायची जागा : या प्रकारातला पहिला मोठा भारतीय चित्रपट मल्याळममध्ये झाला. जिजो पुन्नूस यांचा ‘माय डिअर कुट्टिचातन’ (१९८४) हा भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट. मांत्रिकाच्या तावडीत सापडलेल्या छोट्या भुताशी मुलांची मैत्री होते, अशी त्याची गोष्ट. मुंबईच्या मुलांनी तो हिंदीत ‘छोटा चेतन’ या नावाने पाहिला. त्याआधी, १९६७ च्या सुमारास, सत्यजित राय यांनी खेड्यातला एक गरीब मुलगा आणि परग्रहावरचा जीव यांच्यावर पटकथा लिहिली होती. तो चित्रपट निघालाच नाही. हिंदीत राकेश रोशन यांच्या ‘कोई... मिल गया’ (२००३) मधल्या जादूने आणि ‘भूतनाथ’ (२००८) मधल्या म्हाताऱ्या भुताने ही जागा भरली. ‘भूतनाथ’मध्ये त्या आत्म्याच्या सुटकेसाठी श्राद्ध घातले जाते. निरोपाचा विधी आपल्या घरातला निघाला की काय फरक पडतो, ते त्या प्रसंगात दिसते.

हे दोन्ही हिंदी चित्रपट मुंबईच्या चित्रसृष्टीतले, पण त्यांच्या गोष्टी मुंबईत घडत नाहीत. एक कसौलीत घडतो, दुसरा गोव्यातल्या बंगल्यात. कारण उघड आहे. या गोष्टीला मागचे अंगण, शेड किंवा बंद खोली लागते. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पोटमाळ्यावर काका झोपतो आणि सामाईक गॅलरीतून दिवसभर माणसे जातात-येतात, तिथे पाहुणा लपवायचा कुठे? सकाळी दूध येईपर्यंत साऱ्या मजल्याला कळलेले असायचे. ‘भूतनाथ रिटर्न्स’ (२०१४) हा नितेश तिवारी यांचा चित्रपट धारावीत येतो तेव्हा त्याने काढलेला तोडगा म्हणूनच महत्त्वाचा आहे. पार्थ भालेराव याने साकारलेल्या अखरोट या मुलाखेरीज भूत कुणाला दिसतच नाही. अंगण नसलेल्या शहरात अदृश्यता हीच लपण्याची जागा झाली. चाळीची गच्ची, पाण्याची टाकी, बंद गिरणीची शेड, भरतीला बुडणारे खडक या जागा अजून वापरायच्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवर सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवलेले दगडी प्राणी-पक्षी तर एकोणिसाव्या शतकापासून तिथेच बसून आहेत, आणि खालून रोज लाखो लोक जातात.

चित्रीकरण आणि बालकलाकार : पूर्वी अशा जीवासाठी पोशाख घातलेला नट किंवा बाहुली वापरत. आता बहुतेक काम संगणकावर होते. चित्रपटांत खऱ्या जनावरांच्या वापराला २००१ च्या नियमांनुसार पूर्वपरवानगी लागू लागली, त्यानेही या बदलाला हात दिला. सेटवर हिरवा कपडा ताणतात, त्याला सगळे ‘क्रोमा’ म्हणतात. काठीच्या टोकाला चेंडू लावून सेटिंगदादा, म्हणजे सेटवरचा मांडामांड करणारा कामगार, तो जीवाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरतो. मुलाने त्या चेंडूकडे पाहून हसायचे, रागवायचे, रडायचे. नजर बोटभर जरी वर गेली तरी पुढे पडद्यावर ते मूल मित्राच्या कपाळाशी बोलताना दिसते, म्हणून ‘लूक’ पुन्हा पुन्हा तपासतात.

मुलांकडून हे काम किती वेळ घ्यायचे, याला कायद्याची मर्यादा आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, शाळा बुडणार नाही अशी व्यवस्था करावी लागते, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. अद्भुतपटाच्या संथ, वेळखाऊ चित्रीकरणात हे पाच तास फार लवकर संपतात. चित्रपट मुलांच्या आनंदासाठी असेल, तर तो एका मुलाला दमवून होऊ नये. नियम त्यासाठीच आहे.

चित्रीकरणाच्या वेळी त्या जीवाचे संवाद कॅमेऱ्यामागून कुणी सहायक दिग्दर्शक साध्या आवाजात वाचतो. खरा आवाज आणि रूप नंतर, काही महिन्यांनी येते. तोवर मुलाने हिरव्या कपड्यासमोर हात हलवून निरोप दिलेला असतो, पोशाख परत केलेला असतो, शाळाही सुरू झालेली असते. ज्याला आपण निरोप दिला तो मित्र कसा दिसतो, हे त्याला पहिल्यांदा कळते ते डबिंगच्या खोलीत, नाहीतर थेट चित्रपटगृहात, इतर मुलांच्या मध्ये बसून.