रातपाळीची सुट्टी कुठून मोजायची?

रातपाळीवाल्याला झोप येत नाही म्हटलं की सल्ले तयार असतात: चहा कमी करा, मोबाईल लांब ठेवा, खिडकीला जाड पडदा लावा. सल्ले चुकीचे नाहीत. पण चिंचवडच्या आमच्या घरी खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली असत, दाराची बेल बंद असे, आई कुकरही शेजारणीकडे लावून आणत असे, तरी वडील अकरा वाजता डोळे चोळत उठून बसलेले दिसत. झोपेचं गणित घराबाहेर, पाळ्यांच्या तक्त्यावर बिघडलेलं होतं.

मुंबईच्या गिरण्या सूर्याच्या उजेडावर चालत तोवर रात्र कामगाराची होती. विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस ताणला गेला. कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी तो १९११ च्या कायद्याने १२ तासांवर आला, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४६ मध्ये ९ तासांवर. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली तशी रातपाळीही पसरली. गिरणगावातल्या खोल्यांत दहा-दहा, बारा-बारा गडी राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा वळकटी सोडायचा. सगळे एकाच वेळी झोपायला आले असते तर पाय पसरायलाही जागा उरली नसती.

खरा गुंता मात्र ‘सुट्टी’ या शब्दात आहे, आणि तो १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनचा आहे. पाळी मध्यरात्रीनंतर संपत असेल तर त्या कामगाराची पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे पाळी सुटल्यापासून सलग २४ तास, असं त्यात लिहिलं होतं. मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरले जातात. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात रविवारी सकाळी ७ ला गेटबाहेर पडलेल्या माणसाची सुट्टी त्याच क्षणी सुरू होते. सुट्टीचे पहिले पाच-सहा तास रात्रभराच्या जागरणाची भरपाई करण्यात जातात. सोमवारी ७ ला पहिली पाळी असेल तर पहाटे ५ ला उठायचं, पण दुपारपर्यंत झोपलेल्याला रविवारी रात्री लवकर झोप कुठून यावी?

पाळ्या कुठल्या क्रमाने फिरवायच्या, हा वाद याच्याशीच जोडलेला आहे. ७, ३ आणि ११ अशा पाळ्या, दर आठवड्याला बदल आणि रविवारची सुट्टी धरा. पहिली, दुसरी, तिसरी असा सरळ क्रम शरीराला सोपा जातो, कारण झोप अलीकडे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं आपल्याला जमतं. त्या क्रमात दोन पाळ्यांमधली मोकळीक ४८, ४८ आणि २४ तास येते. क्रम उलटा केला तर ती ५६, ३२ आणि ३२ तास होते. बेरीज दोन्हीकडे १२०. म्हणजे सरळ क्रमात सगळी टंचाई रातपाळीच्या आठवड्यानंतर येते, नेमकी जेव्हा माणूस सर्वांत दमलेला असतो. तिथे फक्त आणखी एक दिवस दिला असता तर सरळ क्रमाबद्दलची बरीच तक्रार मिटली असती, असं मला ठामपणे वाटतं. बोनस आणि पगारवाढीवर तासन्‌तास भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा दिवस वाटाघाटीत फारसा लावून धरला नाही.

दरम्यान शरीराबद्दल बरंच कळलं. पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान तळाला जातं आणि मग चढू लागतं. त्या चढत्या वेळेत घेतलेली झोप लवकर तुटते, मग खोली कितीही काळोखी असो. वडील अकराला जागे होत ते यामुळे. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. नियमांतली सुट्टीची व्याख्या आपल्या जागी राहिली.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या. तीन पाळ्या मात्र पिंपरी, चाकण, वाळूज, सातपूर इथे धडधडत राहिल्या. २००० नंतर कॉल सेंटरांची कायमची रात्र आली. तिथे अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे सरकली की पुण्यातल्या मुलांची कॅब एक तास अलीकडे-पलीकडे होते, आणि नुकती बसलेली झोपेची घडी पुन्हा मोडते.

कारखान्यांत बायकांना सहसा संध्याकाळी ७ नंतर काम देता येत नसे. कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांबद्दलच्या २०२० च्या संहितेनं त्यांच्या संमतीने रातपाळीची वाट मोकळी केली. कामाची संधी म्हणून मला हे स्वागतार्ह वाटतं. चर्चा गाडीची, सोबतीची, सुरक्षेची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण सकाळी आठला घरी आलेली बाई डबे करते, पोरांना शाळेत सोडते, अकराला आडवी होते आणि शाळा सुटायच्या वेळेचा गजर लावते. तिची सुट्टीसुद्धा पाळी सुटल्यापासूनच मोजली जाते.