कॉलेज उघडलं, पण आधी पास

20 ऑक्टोबर 2021 ला राज्यातली कोरोनामुळे बंद असलेली महाविद्यालयं प्रत्यक्ष सुरू झाली. ठाण्यातल्या मुलांना ही तारीख लक्षात आहे ती लेक्चरपेक्षा लोकलमुळे. इथल्या कॉलेजांत बरीच मुलं रेल्वेने येणारी: दिवा, मुंब्रा, डोंबिवली, थेट बदलापूर-टिटवाळा, ट्रान्स-हार्बरवरून ऐरोली-घणसोलीची. वर्ग उघडायचे तर आधी ही मुलं गाडीत चढायला हवीत.

मार्च 2020 मध्ये आधी कॉलेजं बंद झाली, मग लोकल. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेपुरत्या. विद्यार्थी त्यात बसत नव्हते, दोन्ही अर्थांनी. 1 फेब्रुवारी 2021 ला सर्वांना मुभा मिळाली, पण वेळेच्या चौकटीत: सकाळी 7 च्या आत, दुपारी 12 ते 4, आणि रात्री 9 नंतर. त्याच महिन्यात निम्म्या हजेरीने वर्ग भरवायलाही परवानगी आली. म्हणजे साडेसातच्या लेक्चरला 7 च्या आत गाडी पकडा, आणि 10 ला सुटलात तरी 12 पर्यंत कट्ट्यावर बसा. दहाचं प्रॅक्टिकल असेल तर तीन तास आधी या. दुसऱ्या लाटेने तेही बंद पाडलं.

मग आली लशीची अट. 15 ऑगस्ट 2021 पासून लोकल खुली झाली ती दोन्ही डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना, आणि कॉलेजच्या फाटकातही दोन डोसच मागितले गेले. इथे विशीतली मुलं अडकली. त्यांचं लसीकरण 1 मे ला सुरू झालं, साठा नाही म्हणून मे महिन्यातच राज्याने थांबवलं, आणि जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर वाढून किमान 84 दिवसांचं झालं होतं. हिशेब मांडा: 22 जूनला पहिला डोस, सप्टेंबरच्या मध्याला दुसरा, वर 14 दिवस. ऑक्टोबर उजाडतोच. ज्याला पहिला डोस ऑगस्टमध्ये मिळाला, त्याचे मित्र वर्गात आणि तो नोव्हेंबरपर्यंत मोबाईलवरच.

पाससाठी मुलं प्रमाणपत्राची प्रिंट, आधार आणि कॉलेजचा कन्सेशन फॉर्म असं बाड घेऊन खिडकीशी उभी राहायची. फॉर्म मिळायचा कॉलेजच्या ऑफिसात, आणि कॉलेजला जायला हवा पास. घरचं कोणी रिक्षाचे पैसे दिले तर गोष्ट वेगळी.

जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉन आला. वर्ग 15 फेब्रुवारीपर्यंत बंद, असं जाहीर झालं. प्रत्यक्षात 1 फेब्रुवारीलाच उघडले. गुढीपाडव्याला, 2 एप्रिलला, राज्यातले निर्बंध संपले.

उन्हाळ्यात ऑफलाइन परीक्षा नको म्हणून मुलांनी जी ओरड केली, तिला बऱ्याच जणांनी कामचुकारपणा म्हटलं. मला ते पटत नाही. 2021 ला एफवायला आलेल्या मुलांची बारावीची परीक्षा रद्द होऊन दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांवरून 30:30:40 असा निकाल लागला होता. बोर्डाचा पेपर त्यांनी शेवटचा लिहिला होता तो दहावीला, मार्च 2019 मध्ये. त्यानंतर बहुतेक वेळ ऑनलाइन परीक्षेत पर्यायावर टिचकी. आता एकदम पुरवणीसकट पेपर. तासाभरात बोटं आखडायची, आणि पेन खाली ठेवून हात झटकणारं पोर प्रत्येक बाकावर दिसायचं.