गृह ऊर्जा मानांकन

घराला लागणारी ऊर्जा ठरावीक गणिताने मोजून त्याला श्रेणी किंवा तारे देण्याची पद्धत. तिची मुळे बहुधा 1970 च्या दशकातील तेलटंचाईनंतरच्या युरोपात असावीत. आद्यत्वाचा मान डेन्मार्कला देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानंतर इंग्लंड व वेल्समध्ये 2007 पासून असा दाखला लागू झाला.

खरा वाद मापाचा आहे. ब्रिटिश दाखल्यातील ‘ए’ ते ‘जी’ ही ठळक श्रेणी कार्बनवर नव्हे, तर चौरस मीटरमागे होणाऱ्या अंदाजित ऊर्जाखर्चावर बेतलेली आहे. तेथे वीज पाइपच्या गॅसपेक्षा युनिटमागे सुमारे चौपट महाग पडते. त्यामुळे बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचून एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता देणारा उष्मापंप बसवूनही श्रेणी फारशी सुधारत नाही, प्रसंगी घसरते, आणि गॅसचा नवा बॉयलर मात्र वरचढ ठरतो. कार्बनवर आधारलेला दुसरा आकडाही काढला जातो, पण भाड्याच्या घरांचे नियम पहिल्याशीच जखडलेले आहेत. डिसेंबर 2024 मध्ये तेथील सरकारने खर्च, भिंती-छपराची उष्णतारोधकता, तापवण्याची यंत्रणा आणि ‘स्मार्ट’ सज्जता (वीजवापर स्वस्त वेळेत वळवण्याची सोय) असे चार निकष वेगळे दाखवण्याचे सुचवले. सारे काही एका अक्षरात कोंबण्यापेक्षा ही फोड अधिक प्रामाणिक म्हणावी लागते.

नागपुरात घर तापवण्याचा प्रश्नच नाही. तापवायचे ते पाणी, तेही मुख्यतः हिवाळ्यात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी तसेच अंगावर घेववत नाही. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या भारताच्या इको निवास संहितेने (2018) नागपूरसारख्या संमिश्र हवामानाच्या शहरांत भिंती व खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेवर चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घातली आहे. या आकड्यात छप्पर मोजले जात नाही, त्याची अट स्वतंत्र आहे. पारा 45 अंशांपुढे गेल्यावर वरच्या मजल्याला जाळतो तो मात्र स्लॅबच. वाळ्याच्या ताटीचा कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि जुलैच्या दमट हवेत नुसताच घरघरतो, हा ‘संमिश्र’ शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ.

पाणी तापवण्याच्या गीझरला ऊर्जा दक्षता ब्युरोचे वेगळे तारे असतात. साठवणीच्या गीझरमध्ये ते 24 तासांत टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेवरून ठरतात. वीज कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाची की गच्चीवरच्या सौर पॅनेलची, याचा त्यांत हिशेब नसतो.